आधी आच कमी कर, मग पंख्याला हात लाव

अगं, काल तू पाठवलेला व्हॉइस मेसेज ऐकला. आधी वाटलं, चटणीचा मिक्सर लावून माझ्याशी बोलतेयस. मग लक्षात आलं, ती घरघर तुझ्या लॅपटॉपची आहे. ‘ताई, लिनक्स टाकल्यापासून पंखा थांबतच नाही, मशीन जळणार तर नाही ना?’ असं तू तीनदा विचारलंस, म्हणून त्याचंच उत्तर आधी देते. नाही जळणार. प्रोसेसर फार तापला की स्वतःच वेग उतरवतो, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर मशीन सरळ बंद पडतं. सेव्ह न केलेली फाइल जाईल, म्हणून सेव्ह करत जा. फक्त एक बघून घे: टचपॅड वर उचलल्यासारखा दिसतोय का, बूड फुगलंय का? तसं असेल तर बॅटरी फुगली आहे; मग पुढचं काही वाचू नकोस, मशीन बंद कर आणि दुकानात ने. तसं नसेल तर बस, माठातलं पाणी पी, एकेक बघू.

तुझं काही चुकलेलं नाही, हेही सांगून ठेवते. मे महिना आहे, आपण वर्ध्यात आहोत, पारा ४५ ला टेकलाय आणि नवतपा अजून यायचाय. डोक्याला दुपट्टा गुंडाळल्याशिवाय आपण बजाज चौकापर्यंत जात नाही, आणि त्या बिचाऱ्या लॅपटॉपनं मात्र गप्प बसावं अशी आपली अपेक्षा! बघ, त्याचा पंखा काही गार हवा तयार करत नाही. खोलीत असेल तीच हवा ओढतो आणि तापलेल्या धातूवरून फुंकतो. डिसेंबरात त्याला २५ अंशांची हवा मिळते, आता ४० ची. म्हणजे काम तेच, पंखा तोच, पण आकडा साधारण १५ अंशांनी वर. हे कळायच्या आधी मी दोन उन्हाळे नव्या अपडेटला शिव्या घातल्या. दोष सूर्याचा होता, बाई!

आता थर्मामीटर लावू. ताप न मोजता औषध द्यायचं नाही, हे तुला सांगायला नको. एलएम-सेन्सर्स नावाचं पॅकेज टाकून घे. (मी नावं आपल्या लिपीत लिहितेय, तू टाइप करताना रोमनमध्ये कर.) मग ‘सुडो सेन्सर्स-डिटेक्ट’ चालव. ते बरेच प्रश्न विचारतं, लग्नाआधी सासरची मंडळी विचारतात तसे. घाबरू नकोस, प्रत्येकाला एंटर दाबत जा. डेबियन-उबुंटू घराण्यात शेवटचा प्रश्न तेवढा जपून वाच: सापडलेली मॉड्यूल्स फाइलमध्ये घालू का? तिथे नुसतं एंटर दाबलं तर ‘नाही’ धरलं जातं, म्हणून ‘येस’ पूर्ण टाइप कर. मी एंटर-एंटर करत पुढे गेले, आणि रीस्टार्टनंतर आकडे गायब झाले म्हणून अर्धा दिवस शोधत बसले होते.

मग नुसतं ‘सेन्सर्स’ टाइप कर. इंटेल असेल तर ‘कोअरटेम्प’खाली प्रत्येक कोअरचं तापमान दिसेल, एएमडी असेल तर ‘के१०टेम्प’खाली. शेजारी ‘हाय’ आणि ‘क्रिट’ असे आकडे असतात, बऱ्याच इंटेलवर १०० च्या आसपास. ती त्याची धोक्याची रेघ. काही न करता ५५-६० आणि कामात ८० दिसलं, तर या दिवसांत मी तरी निवांत झोपेन. सतत ९५ च्या वर चिकटून बसलं, तर मात्र आपल्याला काम आहे. आणि हो, एक गंमत सांगते. कुणीतरी मला ‘थर्मल झोन’ची फाइल थेट उघडायला सांगितली होती. उघडली तर आत आकडा ५२०००! मी चार्जर उपटला आणि नवऱ्याला हाक मारली. तो आकडा अंशाच्या हजाराव्या भागात असतो गं. ५२००० म्हणजे ५२ अंश. घरात अजूनही चहा फार गरम झाला की नवरा ‘बावन्न हजार झालाय’ म्हणतो.

आकडे कळले? तरी लगेच सॉफ्टवेअरकडे धावू नकोस. माझं माहेर हिंगणघाटचं, कापसाचं गाव. जिनिंगचा हंगाम आला की कापसाचे तंतू हवेत असतात, केसांत असतात, वरणात पडले तरी कुणी नवल करत नाही. मी तिथे लॅपटॉप घेऊन महिनाभर राहिले, तर आई म्हणाली, ‘अवं, हे काय हेलिकॉप्टर उडवून राहिली तू?’ मी तिला गव्हर्नर, कर्नल, सगळं समजावलं. तिनं शांतपणे हवेच्या जाळीकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, ‘त्याच्या नाकात कापूस गेला, तो काय करीन?’ दुकानात उघडलं तर आत पातळशी गोधडीच निघाली. म्हणून आधी झाडलोट कर. मशीन बंद, चार्जर काढलेला, आणि ब्लोअरनं थोडी-थोडी हवा मारायची. पंख्याचं पातं खराट्याच्या काडीनं अडवून धर, नाहीतर ते वाऱ्यानं गरगर फिरून बिघडतं. थर्मल पेस्ट बदलायची असेल तर दुकानातच दे. मी एकदा घरी लावली होती, पुरणपोळीवर तूप घालतात तशी. ती तांदळाच्या दाण्याएवढीच पुरते म्हणे!

गादीवर लॅपटॉप ठेवायचा नाही, हे तुला माहीत आहे आणि तरी तू ठेवतेस, हे मला माहीत आहे. माझा भांडी निथळायच्या जुन्या जाळीवर असतो. खालून हवा खेळते आणि पैसे शून्य. कूलरच्या तोंडासमोर मात्र नको. मी तोही शहाणपणा केलाय. टाकीत नुकतं पाणी भरलेलं, वाळा गच्च ओला, बटण दाबलं आणि पहिल्याच झोतात कीबोर्डवर शिंतोडे. कूलर खोली गार करू दे, लॅपटॉप बाजूला ठेव.

आता खरं कामाचं. पातेल्यातलं दूध उतू जायला लागलं तर तू काय करतेस? एक्झॉस्ट फॅन मोठा करत नाहीस, गॅस बारीक करतेस. लॅपटॉपच्या बाबतीत मात्र आपण सगळ्या पंख्याच्या मागे लागतो. सेवाग्रामच्या बापू कुटीत तू शाळेच्या सहलीला गेली असशील. गांधीजी १९३६ साली सेवाग्रामला राहायला आले, तेव्हा त्या गावाचं नाव शेगाव होतं. कुटी म्हणजे माती, बांबू, कौलं आणि भोवती पडवी. बाहेर रणरण असताना आत शिरलं की बरं वाटतं, कारण ऊन आत येऊच नये अशी ती रचना आहे. आपल्यालाही तेच करायचंय: उष्णता बाहेर फेकायची चिंता नंतर, आधी ती तयारच कमी होऊ दे.

त्यासाठी एवढंच समजून घे. प्रोसेसरला लागणारी वीज वेगाच्या पटीत वाढते, आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं. म्हणून दोन्ही १० टक्क्यांनी उतरवली तर काम करताना लागणारी वीज १० नव्हे, जवळजवळ २७ टक्क्यांनी उतरते. शेवटचा थोडासा वेग फार महाग पडतो बघ, लग्नातल्या शेवटच्या पन्नास पाहुण्यांसारखा.

कधी किती वेगानं पळायचं हे लिनक्समध्ये जो ठरवतो त्याला गव्हर्नर म्हणतात. आपला राज्यपाल नाही गं, हा खरंच काम करतो! ‘परफॉर्मन्स’ म्हणजे कायम वरच्या वेगाकडे ओढ. ‘पॉवरसेव्ह’ म्हणजे बचत. ‘शेड्युटिल’ म्हणजे कामाचा अंदाज घेऊन कमी-जास्त. हा २०१६ मध्ये लिनक्सच्या कर्नल ४.७ सोबत आला. इथे एक खोच आहे. नव्या इंटेलवर ‘इंटेल पीस्टेट’ हा ड्रायव्हर असतो आणि त्यात बहुधा ‘परफॉर्मन्स’ आणि ‘पॉवरसेव्ह’ हे दोनच दिसतात. तिथला ‘पॉवरसेव्ह’ मशीनला कासव करत नाही. गरज पडली की तो वेग वाढवतो. जुन्या ‘एसीपीआय-सीपीयूफ्रेक’ ड्रायव्हरवर मात्र त्याच नावाचा गव्हर्नर सगळ्यात खालच्या वेगाला खिळून बसतो. नाव एक, स्वभाव दोन. म्हणून मैत्रिणीनं सांगितलं म्हणून डोळे मिटून काही लावू नकोस. ‘सीपीयूपॉवर फ्रीक्वेन्सी-इन्फो’ चालवून आधी आपला ड्रायव्हर कोणता ते बघ. मी सुरुवातीला ‘परफॉर्मन्स’ लावला होता. परफॉर्मन्स म्हणजे चांगलंच ना, शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखं! आठवडाभर मांडीवर निखारा घेऊन बसले.

खरं सांगू का, तुला कदाचित यातलं काहीच टाइप करावं लागणार नाही. तुझ्या डेस्कटॉपवर उजव्या कोपऱ्यातल्या मेनूत ‘पॉवर मोड’ आहे का बघ. तिथे ‘पॉवर सेव्हर’ निवड आणि दोन दिवस काम करून बघ. अर्ध्या जणींचं काम इथेच होतं. इन्व्हर्टरवर चालवत असशील तर तोही तुला दुवा देईल.

तेवढ्यानं नाही भागलं, तर उन्हाळ्यातला माझा आवडता उपाय: टर्बोला वेसण. उदाहरण घे. आय५-८२५०यू हा प्रोसेसर मूळ १.६ गिगाहर्ट्झचा, टर्बोत ३.४ पर्यंत जातो. वरची ती उडी सगळ्यात जास्त तापवते. इंटेल पीस्टेट असेल तर त्याच्या फोल्डरमध्ये ‘नो टर्बो’ नावाची फाइल असते. तिच्यात १ लिहिलं की टर्बो बंद, ० लिहिलं की चालू. पूर्ण बंद केलं तर ब्राउझर जरा आळसावेल, ते मी लपवत नाही. मधला मार्ग हवा असेल तर शेजारीच ‘मॅक्स पर्फ पीसीटी’ फाइल आहे. तिच्यात ७० लिहिलं की कमाल वेगाच्या ७० टक्क्यांवर कुंपण.

लिहिताना मी तासभर डोकं आपटलं होतं ती जागा दाखवते. ‘सुडो इको’ करून बाणाच्या खुणेनं फाइलमध्ये पाठवलं की ‘परमिशन डिनाइड’ येतं. सुडो असूनही! कारण सुडोचा अधिकार इकोला मिळतो, बाणाला नाही. म्हणून आधी इको १, मग उभी रेघ, मग ‘सुडो टी’ आणि फाइलचा पत्ता. ही टी म्हणजे चहा नाही. टी, ई, ई. आणि यातली सगळ्यात दिलासा देणारी गोष्ट ऐक: असं लिहिलेलं पाटीवरच्या लिखाणासारखं असतं. रीस्टार्ट केलं की पुसलं. म्हणजे तू बिनधास्त प्रयोग कर. बिघडलंसं वाटलं तर बंद करून चालू कर, मशीन पुन्हा पहिल्यासारखं.

मानवलं, तर कायमचं करायला टीएलपी हे पॅकेज घे. त्याची फाइल ‘ईटीसी’ फोल्डरमधली ‘टीएलपी डॉट कॉन्फ’. चार्जरवर आणि बॅटरीवर वेगवेगळे नियम लिहिता येतात. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला हॅशची खूण असते; ती काढल्याशिवाय ओळ लागू होत नाही. टर्बोसाठी ‘सीपीयू बूस्ट ऑन एसी’ आणि ‘ऑन बॅट’ अशा, अंडरस्कोरनं जोडलेल्या ओळी आहेत, तिथे ०. मग ‘सुडो टीएलपी स्टार्ट’. पण ऐक, त्या मेनूतल्या पॉवर मोडमागे बहुतेक ‘पॉवर-प्रोफाइल्स-डीमन’ असतो, आणि तो आणि टीएलपी एका वेळी नांदत नाहीत. एका चुलीवर दोघींनी एकाच वेळी फोडणी घालू नये. मी दोन्ही ठेवले होते. एकीनं वेग उतरवायचा, दुसरीनं चढवायचा, आणि मी मधे उभी. दोघांतला एकच ठेव. मेनूतला पुरतोय तर टीएलपीच्या वाटेला जाऊच नकोस. आणि ‘पॉवरटॉप’चं ‘ऑटो-ट्यून’ कुणी सुचवलं तर एवढं लक्षात ठेव, ते यूएसबीलाही झोपवतं. माझा माउस दर दोन सेकंदांनी डुलकी घ्यायचा, आणि मी नवा विकत आणला होता!

आता राहिला पंखा. तुझी सगळी धास्ती याचीच होती, म्हणून मुद्दाम शेवटी ठेवला. टीएलपी पंखा चालवत नाही, हे आधीच सांगते. मीही तसंच समजत होते. लॅपटॉपचा पंखा बहुतेक वेळा मदरबोर्डवरची एक छोटी चिप आणि बायोस सांभाळतात. पंखे शोधणारं ‘पीडब्ल्यूएमकॉन्फिग’ चालवल्यावर त्यानं सांगितलं की पंखा ताब्यात घेता येईल असं काहीच सापडलं नाही, तर तो तुझा पराभव नाही. त्याचा अर्थ, पंख्याचा मालक दुसरा आहे आणि त्याला त्याचं काम येतं. तिथेच थांब. थिंकपॅड असेल तर ‘थिंकफॅन’ आहे, पण त्यासाठी ड्रायव्हरला ‘फॅन कंट्रोल’ची परवानगी वेगळी द्यावी लागते. माझं ऐकशील तर तिथेही आधी ‘ऑटो’वरच राहा.

घरी डेस्कटॉप असेल, तुझ्या दादाच्या टेबलाखाली आहे तसा, तर तिथे ‘फॅनकंट्रोल’ हा प्रोग्राम खरोखर उपयोगी. आधी पीडब्ल्यूएमकॉन्फिग चालव. ते एकेक पंखा काही सेकंद थांबवून बघतं, कोणती तार कुणाची ते ओळखायला. तेव्हा घाबरू नकोस, पण मशीनवर जड काम चालू असताना हे करूही नकोस. मग ते तुला आकडे विचारतं. ‘मिनटेम्प’च्या खाली पंखा सगळ्यात हळू, ‘मॅक्सटेम्प’ला पूर्ण वेगात. ‘मिनस्टार्ट’ म्हणजे थांबलेला पंखा फिरायला लागायला किती जोर हवा. ‘मिनस्टॉप’ म्हणजे किती कमी जोरावरही तो फिरत राहतो. सायकलसारखं बघ: सुरू करताना दणका लागतो, चालत्या सायकलला थोडं पुरतं. जोराची मोजणी ० ते २५५.

आणि इथे माझा सगळ्यात मोठा घोळ. शांतता हवी म्हणून मी मिनटेम्प ७० ठेवलं, पंखा त्याच्या खाली पूर्ण थांबेल असं केलं, आणि ‘काय सुरेख शांत झालंय’ म्हणत जेवायला गेले. तो जानेवारी होता म्हणून निभावलं. हेच नियम मे महिन्यात तसेच राहिले, आणि एका दुपारी पंखा थांब-सुरू, थांब-सुरू असा उचक्या द्यायला लागला. आपल्याकडे हिवाळ्याचे आकडे उन्हाळ्यात चालत नाहीत. प्रोसेसरच्या पंख्याला कधीच पूर्ण थांबू देऊ नकोस. हळू फिरू दे, पण फिरू दे. मिनटेम्प ४५-५० आणि मॅक्सटेम्प ७५-८० इथून सुरू कर. नेटवर सापडलेली दुसऱ्या कुणाची फाइल उचलून लावू नकोस. तिच्यातले सेन्सर त्यांच्या मदरबोर्डचे असतात. तुझ्या स्वतःच्या मशीनवरही कधी सेन्सरना मिळालेले ‘एचडब्ल्यूमॉन’ क्रमांक बदलतात. मग फॅनकंट्रोल ‘माझी माहिती जुनी झाली’ म्हणून सुरूच होत नाही. रुसलाय म्हणायचं आणि पीडब्ल्यूएमकॉन्फिग पुन्हा चालवायचं. सगळंच नको झालं तर फॅनकंट्रोलची सर्व्हिस बंद कर. जाताना तो पंखे मूळ पद्धतीवर किंवा पूर्ण वेगावर सोडून जातो.

एका दिवशी एकच बदल कर, एवढी माझी अट. आज झाडलोट, उद्या पॉवर मोड, परवा टर्बो. प्रत्येक वेळी तेच काम दहा मिनिटं कर आणि शेजारी ‘वॉच सेन्सर्स’ चालू ठेव. चार गोष्टी एकदम बदलल्यास तर कशानं बरं वाटलं ते कळणार नाही, काढ्यात सगळं टाकल्यावर होतं तसं. तू एवढ्या मोठ्या परीक्षेचं वेळापत्रक भिंतीवर आखून पाळलंस, हे तर त्यातलं एक पान आहे.

आकडे कुठे लिहायचे? माझ्या स्वयंपाकघरात कॅलेंडर आहे, दुधाचा हिशेब असतो ते. मागच्या मेमध्ये एका चौकटीत मी लिहिलंय, ‘दूध १ लिटर, लॅपटॉप ९४’. पुढच्या आठवड्यात, टर्बो बंद केल्यावर, ‘दूध दीड, लॅपटॉप ७८’. दूधवाल्यानं महिनाअखेरीस ते पान वाचलं आणि विचारलं, ‘ताई, हे लॅपटॉप कोणाकडून घेता?’ तू आज रात्री जेवण झाल्यावर फक्त पहिला आकडा लिही. बाकीचं उद्या, सकाळी, ऊन चढायच्या आत.